वरच्या गणितासाठी तीन राउंड

आमच्या घरात तोंडाने काहीच ठरत नाही, कारण तोंड सगळ्यांनाच जरा जास्त दिलंय. मी बोलायला लागले की दादा ओरडतो, दादा ओरडला की मी हातात असेल ते आपटते, आणि वहिनी शिवणयंत्र सुरू करून बसते. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, आणि तिचं यंत्र आम्हा दोघांपेक्षा मोठ्याने ओरडतं. म्हणून आमच्या वडिलांनी एक नियम घालून दिला होता. जे तोंडाने सुटत नाही ते खाली रिंगमध्ये सोडवायचं. तीन राउंड. ज्याला काही हवंय त्याने समोरच्याला पाडायचं. पाडता आलं नाही तर गप्प बसायचं आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही.

रानटीपणा वाटतो ना? वाटू दे. मला लग्न करायचं नव्हतं तेव्हा मी दादाचे पुढचे दोन दात पाडले आणि स्थळं बघणं त्या दिवशी बंद झालं. नाही तर बाकीच्या घरांत बायका वर्षानुवर्षं रडत बसतात, उपयोग शून्य. दादा अजून पाहुण्यांसमोर खोटे दात काढून दाखवतो आणि म्हणतो, "ही आमच्या काडीची सोयरीक." काडी म्हणजे मी. बारीक म्हणून, आणि पेट घेते म्हणून.

खाली जिम, वर घर. दादा बॉक्सिंग शिकवतो. मी पोरांच्या हातांना पट्ट्या बांधते, गालाला व्हॅसलीन चोपडते, नाकातलं रक्त थांबवते, आणि राउंडची घंटा वाजवते. दादाची एकुलती एक मुलगी मुंगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी. आता सोळा वर्षांची आहे आणि तिच्या उजव्या हाताचा ठोसा बसला तर मोठी मुलंसुद्धा खाली बसून आईची आठवण काढतात.

तर या मुंगीला शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायचे होते. त्या एका गोष्टीने आमचं घर खाल्लं.

शाळेत मुलांना विषय निवडायला मदत करणाऱ्या एक बाई आहेत. मी त्यांना विषयवाल्या बाई म्हणते. त्यांनी पालकांना बोलावलं, आणि दादाबरोबर मी गेले, कारण त्याला एकट्याला सोडणं म्हणजे बाईंच्या जिवाशी खेळ. मुंगी आमच्या मधोमध बसली होती. तिला नदीवरचे मोठाले पूल बांधायला शिकवणाऱ्या कॉलेजात जायचं होतं. ते कॉलेज हजारांतून मूठभर पोरं घेतं, हे ती आम्हाला जेवताना, भांडी घासताना, दात घासताना सांगायची.

दादा म्हणाला, "सोपे विषय द्या. दुपारी सुट्टी मिळेल असे. पोरगी रोज चार तास सराव करेल, पदक आणेल, आणि पदक बघून कुठलंही कॉलेज तिला पायघड्या घालेल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "हे कॉलेज नाही घालणार. ते नुसते मार्क बघत नाहीत, नुसतं पदकही बघत नाहीत. शाळेत कुठले अवघड विषय उपलब्ध होते आणि त्यातले मुलीने कुठले घेतले, हे आधी बघतात. पूल बांधायचेत ना? मग वरचं गणित आणि पदार्थविज्ञान हवंच. थोडे मार्क कमी पडले तरी चालेल, पण सोपं घेऊन पैकीच्या पैकी आणले तर ते विचारतात, हिने अवघड का टाळलं?"

"म्हणजे हरणाऱ्याला बक्षीस?"

"अवघड गडी निवडणाऱ्याला," बाई म्हणाल्या.

मला तर हसूच आलं, कारण बाईंनी दादाच्याच भाषेत दादाला गप्प केलं होतं. पण दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की वरची काच खळकन फुटली. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मुंगी उठली, काचेचे तुकडे गोळा करायला लागली, आणि तिच्या बोटातून रक्त आलं तरी वर बघेना.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगा," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत की एक शब्द मागे घेतला नाही. मला आवडल्या.

वरच्या गणिताचे तास दुपारी असतात. प्रयोगशाळाही दुपारी. म्हणजे सराव बंद. दादाला हेच सोसवत नव्हतं. तो स्वतः पदकाच्या दारापर्यंत जाऊन परत आलेला माणूस. आता मुंगी त्याच्याऐवजी आत जाणार होती, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, तिला न विचारता.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते आठवडाभर थांबलं नाही. दादाने तिचं गणिताचं पुस्तक उचललं आणि जिममधल्या थुंकायच्या बादलीत बुडवलं. मुंगीने स्टूल उचलून आरशावर फेकलं. पोरं ज्यात बघून हात चालवतात तो अख्खा भिंतभर आरसा. दादाने तिची मानगूट धरली, मी मध्ये पडले, माझ्या बरगडीत कोपर बसला, कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. वहिनी जिन्यावरून ओरडली, "अहो, जीव घ्याल का पोरीचा?" त्यावर बाप आणि लेक दोघंही एकदम म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." बघा म्हणजे. एकमेकांचा गळा धरलेला असतानाही वहिनीवर दोघांचं एकमत.

मग मुंगीने ओठ पुसले आणि म्हणाली, "रिंगमध्ये या, बाबा. मला वरचं गणित हवंय."

दादा हसला. त्याला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पोरीने मागितलं तर असं मागितलं.

"रविवारी," तो म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दादाच्या डाव्या डोळ्याचं काहीतरी बिनसलंय असा मला बरेच दिवस संशय होता. चहाचा कप तो टेबलाच्या डाव्या कडेवर ठेवायला जायचा आणि जमिनीवर सोडायचा. चालताना डावी बाजू भिंतीला ठेवायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तुझं थोबाड त्या बाजूला असतं, म्हणून तिकडे बघत नाही." डॉक्टरकडे जा म्हटलं तर महिनाभर बोलला नाही. डोळा गेला असं बाहेर कळलं तर शिकवायची परवानगी जाते, हे मलाही माहीत होतं. शनिवारी मी त्याला पुन्हा सांगितलं, "दादा, डोक्याला ती गादीची टोपी तरी घाल. ती आता लहान नाही."

"घरच्या भांडणात टोप्या नसतात. बापाने शिकवलंय."

"बाप मेला, दादा. तू अजून आहेस."

"जा गं, पट्ट्या बांध."

रविवारी दुपारी जिमला कुलूप लावलं. दाराचा पत्रा तापला होता. मी आधी मुंगीचे हात बांधले, मग दादाचे. त्याची बोटं थंडगार होती. वहिनी वरून आलीच नाही, पण तिचं यंत्रही बंद होतं.

पहिला राउंड दादाचा. त्याने तिला दोरांवर नेऊन असं कुटलं की मला घंटेवरून हात काढून डोळे झाकावेसे वाटले. पोटात, बरगडीत, पुन्हा पोटात. बापाची माया म्हणून चेहरा सोडला होता, बाकी काही सोडलं नाही. ती दुमडली, गुडघ्यावर आली, उठली. कोपऱ्यात येऊन बसली तेव्हा तिला श्वास घेता येईना. मी पाणी दिलं, तिने सगळं बादलीत ओकलं.

"पुरे का गं?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही म्हणून.

दुसऱ्या राउंडला तिचा उजवा हात बसला. दादाच्या डाव्या गालावर, कडक. दादाने तो येताना पाहिलाच नाही. ती स्वतःच चपापली. या माणसाने तिला दहा वर्षं शिकवलं होतं, त्याला असा ठोसा कधी बसला नव्हता. तिने पुन्हा टाकला. पुन्हा बसला. तिसरा टाकला तोही बसला, आणि मग पोर थांबली. हात खाली आणले आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला या बाजूचं दिसत नाहीये."

दादाने तिच्या तोंडावर मारलं. जोरात, तिचं बोलणं संपायच्या आत. तिच्या दातांचं गार्ड उडून दोराबाहेर पडलं आणि ओठ फाटून हनुवटीवरून रक्त ओघळलं.

"रिंगमध्ये बोलतेस?"

मी घंटा बडवली. एकदा, दोनदा, दहादा. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "वेळ झालेली नाही. घंटेला हात लावलास तर तो मोडीन." मी दोराखालून आत शिरले, त्याचा दंड धरला. त्याने मला नुसतं झटकलं आणि मी कोपऱ्यातल्या खांबावर जाऊन आदळले. कान बधिर झाला. मी शिव्या घातल्या, आमच्या वडिलांनाही घातल्या. मुंगी तिकडे दोरांना टेकून रडत होती, आणि रडत रडत खालून उचललेलं गार्ड तोंडात घालत होती.

"बाबा, मी नाही मारणार."

"मग सोपे विषय घे. सोमवारपासून दुपारचा सराव. बोल, घेतेस?"

तिने ग्लोव्हने हनुवटीवरचं रक्त पुसलं.

"घेतेस का?"

"नाही."

"मग मार ना! त्या बाईसमोर तोंड वर करून बसली होतीस ना? मार!"

तिसरा राउंड मी सुरू केलाच नाही, त्यांनीच केला. दादा तिच्यावर धावून गेला आणि मुंगीने मारलं. उजव्याने, त्याच बाजूला. दादा गुडघ्यावर आला. मला वाटलं, सुटलो. पण तो उठला, म्हणाला, "पाय घसरला," आणि हाताने तिला बोलावलं. ये. तिने पुन्हा मारलं. तो हलला, पडला नाही, त्याच्या नाकातून रक्त तिच्या छातीवर उडालं. "हे पाडणं झालं का?" तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "हे पाडणं?" मग तिने डोळे मिटले. मी पाहिलं, मुद्दाम सांगते, तिने डोळे मिटून मारलं. दादा सरळच्या सरळ मागे गेला, खालच्या दोरावर मान आपटली, आणि डोकं रिंगबाहेरच्या सिमेंटच्या कडेवर बसलं.

तो आवाज मी सांगणार नाही.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. कवटी उघडावी लागली. दोन दिवस दादा शुद्धीवर आला नाही, तोवर वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसून होती आणि तिने आम्हा दोघींशी एक शब्द काढला नाही. शुद्धीवर आला तेव्हा उजवा हात उचलत नव्हता, उजवीकडचं तोंड लोंबत होतं, पण बोलत होता. आणि रविवारचं त्याला काहीही आठवत नव्हतं. शाळेतली काच आठवत होती. त्यानंतरचं सगळं पुसलेलं.

डॉक्टर म्हणाले, त्याला आत्ता धक्का देऊ नका. वहिनीने बाकावरून उठून त्याला सांगितलं, "रिंगच्या पायऱ्यांवरून घसरलात तुम्ही." मुंगीने तोंड उघडलं, तर वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं की पोरीची बोबडीच वळली.

दादाने पहिल्यांदा तिला जवळ बोलावलं ते काय विचारायला? तर, "सराव बुडतोय ना?"

गुरुवारी सकाळी मुंगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी जिमची फरशी धूत होते. डाग जात नव्हता. ती म्हणाली, "आत्या, मी सोपे विषय घेतेय. दुपारी सराव करेन. बाबांना पदक आणून देईन."

मी फडकं तिच्या तोंडावर फेकून मारलं.

"काय गं भवाने! बापाचं डोकं फोडून जे मिळवलंस ते आता टाकून देतेस? मग तो पडला कशाला? गंमत म्हणून?"

"माझ्यामुळे त्यांचा हात गेला!"

"मग आता तू आयुष्यही घालव, म्हणजे हिशोब चोख! एकाचं वाटोळं झालं, दुसरीचं राहिलंय!"

"मला नकोय ते गणित! ओरडू नकोस! मला सोपे हवेत!"

"हवेत?" मी म्हटलं. "हवेत काय? ठीक आहे. घाल ग्लोव्हज."

तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

"नियम माहीत आहे ना? तुला हवेत, तर तू पाडायचं. मी पन्नाशीची, गुडघे गेलेत, एका ठोशात पडेन. पाड आणि घे तुझे सोपे विषय. मी हूं की चूं करणार नाही."

वहिनी दवाखान्यातून डबा न्यायला आली होती. ती दारातच थांबली. मला वाटलं आता आरडाओरडा करेल. तिने पर्स खाली ठेवली, भिंतीजवळ गेली आणि घंटेची दोरी हातात घेतली.

"वन्सं," ती मला म्हणाली, "चेहऱ्यावर मारू नका तिच्या. ओठाचे टाके उसवतील."

घंटा वाजली. मुंगी रिंगच्या मधोमध उभी, हात खाली. मी मारलं. दंडावर, खांद्यावर, पोटात. माझं पोर ते, मी तिला अंघोळ घातलीय, आणि मी तिला मारत होते. "हात वर घे!" ती घेईना. "अगं निदान वाचव तरी स्वतःला!" ती नुसती उभी. पहिला राउंड संपेपर्यंत मलाच दम लागला आणि मीच रडत होते.

दुसऱ्याला तिने एकदा मूठ उगारली. मी बघत राहिले. मूठ माझ्या नाकापर्यंत आली, आणि तशीच खाली गेली.

तिसऱ्याला मी माझेच हात मागे बांधले. तोंड पुढे केलं. "घे. आहे समोर. एक ठोसा, आणि सोपे विषय तुझे. मार ना गं!"

तिने मला मिठी मारली. ग्लोव्हजसकट, गच्च. माझ्या खांद्यात तोंड खुपसून अशी हंबरडा फोडून रडली, की पाचव्या वर्षापासून ती तशी रडलेली नव्हती. मला तिच्या हातांचा भार जाणवत होता. त्या हातांत आता काही राहिलं नव्हतं. ही पोर पुन्हा कधी कुणाला मारणार नाही, पदक वगैरे सगळं त्या रविवारीच संपलं होतं, हे मला तिथे कळलं. आता तिच्याजवळ एक ते वरचं गणितच उरलं होतं.

वहिनीने घंटा वाजवली. "झालं," ती म्हणाली. "हरलीस. जा, शाळेत जाऊन सांग त्यांना. उद्या शेवटचा दिवस आहे."

मुंगी शाळेत गेली. विषयवाल्या बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि दोनदा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की.

संध्याकाळी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. दादाला उशीला टेकवून बसवलं होतं. वहिनी त्याला चमच्याने चहा पाजायला गेली, तर मुंगीने तिच्या हातातून कप घेतला. दादाने लेकीला बघितलं आणि लोंबत्या तोंडाने विचारलं, "मग? विषय काय ठरले?"

"वरचं गणित, बाबा. पदार्थविज्ञान पण."

मी पलंगाची दांडी धरली. दादाच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "कुणी ठरवलं?"

"रिंगमध्ये ठरलं. मी सोपे मागितले होते. आत्याला पाडता आलं नाही मला."

दादा तिच्याकडे बघत राहिला. एकच डोळा, पण तो पूर्ण उघडा. मग हसला. अर्ध्या तोंडाने, खोट्या दातांशिवाय, पण हसला.

"काडीला? या मरतुकड्या काडीला नाही पाडता आलं तुला?" त्याला खोकला आला, तरी थांबेना. "आणि मोठाल्या पोरांना पाडत फिरतेस! थांब, बरा होऊ दे मला. घरी आलो की पहिली तुझ्याशीच लढत. मग बघू मला पाडता येतं का तुला."

मुंगीने त्याच्या हनुवटीवरून ओघळलेला चहा ओढणीने पुसला.

"नाही येणार, बाबा," ती म्हणाली.